ज्ञानाची अमानत : इंटरनेटवरील मजकूर आणि आपली जबाबदारी

काही वर्षांपूर्वी शालेय विद्यार्थ्यांच्या एका निबंध स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले होते. विषय होता 'इस्लाममध्ये ज्ञानाचे महत्त्व'. चाळीसएक निबंध होते. वाचता वाचता लक्षात आले की पाच निबंधांत एक संपूर्ण परिच्छेद शब्दशः सारखा आहे. इतका सारखा, की 'संपादन' या शब्दाऐवजी झालेली 'संपदान' ही चूकही पाचही ठिकाणी तशीच उतरली होती. त्या परिच्छेदात 'ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा' हे वचन प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस म्हणून दिलेले होते. वास्तविक हदीसशास्त्राच्या जाणकारांनी या वचनाच्या सनदीवर कठोर टीका केलेली आहे, इब्ने जौझी (रह.) यांनी तर त्याची गणना रचलेल्या हदीसींमध्ये केली आहे.

त्या पाचांपैकी एक निबंध इयत्ता नववीतील एका मुलीचा होता. अक्षर मोत्यासारखे होते आणि मांडणीही नेटकी होती. आयोजकांच्या परवानगीने मी तिला हळुवारपणे विचारले, "बेटी, हा परिच्छेद कुठून घेतला?" ती जराही न अडखळता म्हणाली, "सर, नेटवर होता. नेटवरचे तर सगळ्यांचेच असते ना?"

तिच्या उत्तरात लबाडी नव्हती. यापेक्षा वेगळे काही असते, हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. तिला दोष देण्याआधी आपण मोठ्यांनी स्वतःकडे पाहायला हवे. दुसऱ्याचा लेख लेखकाचे नाव गाळून पुढे पाठवणारे, कोणाचे तरी भाषण उतरवून स्वतःच्या नावे छापणारे, विकत मिळणाऱ्या धार्मिक ग्रंथाची फुकट प्रत एकमेकांना देणारे आपणच असतो. म्हणून या अंकात आपण या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास करू या. दुसऱ्याच्या लेखनावर, चित्रावर किंवा ध्वनिमुद्रणावर आपला हक्क कुठपर्यंत आहे आणि ईमानधारकाने त्याचा उपयोग कोणत्या मर्यादेत करावा, हा तो प्रश्न आहे.

कुरआन व हदीसचे मार्गदर्शन

इंटरनेट हे अलीकडचे साधन आहे. पण दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय स्वतःकडे घेण्याची वृत्ती फार जुनी आहे. कुरआनने तिची गंभीर दखल घेतली आहे. सूरह आलि इमरानच्या १८८ व्या आयतीत अशा लोकांना कठोर ताकीद दिलेली आहे, जे आपल्या कृत्यांवर खूश असतात आणि जे काम त्यांनी केलेलेच नाही त्यासाठी आपली स्तुती व्हावी अशी इच्छा बाळगतात. ही आयत एका विशिष्ट प्रसंगी अवतरली असली, तरी तिच्यातील शिकवण त्या प्रसंगापुरती मर्यादित नाही. दुसऱ्याचा निबंध स्वतःच्या नावाने देऊन बक्षीस घेणारा विद्यार्थी न केलेल्या कामाची स्तुतीच तर घेत असतो.

हीच गोष्ट प्रेषितांनी (स.) एका समर्पक उपमेतून समजावली. माननीय अस्मा बिन्ते अबू बक्र (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जे आपल्याला मिळालेलेच नाही ते मिळाल्याचा देखावा करणारा माणूस म्हणजे खोटेपणाची दोन वस्त्रे ल्यालेला माणूस, असा तिचा आशय आहे. एकच नव्हे, दोन वस्त्रे! वाङ्मयचौर्यातही असे दुहेरी असत्य असते. 'हे मी लिहिले' हे पहिले, आणि 'मला इतके ज्ञान आहे' हे दुसरे.

माननीय शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना मापात पूर्ण भरून देण्याची आज्ञा केली, तेव्हा लोकांना त्यांच्या वस्तू कमी करून देऊ नका, असेही बजावले (सूरह अश्-शुअरा, १८३). 'त्यांच्या वस्तू' हा शब्दप्रयोग व्यापक आहे. धान्य, कापड, मजुरी जशी माणसाची वस्तू आहे, तसेच त्याचे श्रेय आणि त्याच्या बुद्धीचे श्रमही त्याचेच आहेत. लेखकाचे नाव गाळणे म्हणजे त्याच्या पदरात पडायला हवे होते त्यातून काढून घेणे होय.

बाजारातील धान्याच्या राशीचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारून त्यांनी स्पष्ट केले की फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे (मुस्लिम). आपल्या लेखनातला उसना भाग कोणता, हे वाचकाला दिसेल असे वर ठेवणे हाच या हदीसचा लेखनातील अर्थ आहे.

सनद : या समुदायाचे वैशिष्ट्य

'कोणी सांगितले?' हा प्रश्न मुस्लिम विद्वानांनी जितक्या गांभीर्याने विचारला, तितका क्वचितच कोणी विचारला असेल. हदीसच्या मूळ संग्रहांत वचनाआधी कथनकर्त्यांची साखळी येते. अमुकाने अमुकाकडून ऐकले, त्याने अमुकाकडून, आणि ती साखळी थेट प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचते. यालाच सनद किंवा इस्नाद म्हणतात. साखळीतील प्रत्येक माणसाचे चारित्र्य, स्मरणशक्ती, जन्म-मृत्यूचा काळ, त्याची आपल्या गुरूशी भेट झाली होती की नाही, हे तपासण्यासाठी एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले.

माननीय अब्दुल्लाह बिन मुबारक (रह., निधन हिजरी १८१) हे सनदीला धर्माचाच भाग मानत. सनद नसती तर ज्याच्या मनाला येईल ते तो बोलला असता, असे त्यांचे म्हणणे इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्याच प्रस्तावनेत इमाम इब्ने सीरीन (रह.) यांचा इशाराही आहे की हे ज्ञान म्हणजे धर्म आहे, तेव्हा आपण तो कोणाकडून घेत आहोत हे पाहून घ्या.

आता त्या पाच निबंधांकडे पुन्हा पाहा. मुलांनी केवळ एका अनामिक लेखकाचा परिच्छेद उचलला नव्हता; प्रेषितांच्या (स.) नावावर सिद्ध न होणारे वचनही पुढे नेले होते. नाव गळाले की तपासणीची वाट बंद होते. मूळ कोणाचे हेच ठाऊक नसेल, तर खरे-खोटे कोणाला विचारणार? ऐकलेले सर्व काही पुढे सांगत सुटणे, एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, असा प्रेषितांचा (स.) इशारा आहे (मुस्लिम). आज 'ऐकलेले' या शब्दात 'मोबाइलवर आलेले' हेही धरावे लागेल.

पुढच्या काळातील विद्वानांनी हाच नियम ग्रंथलेखनाला लावला. अंदलुसचे महान भाष्यकार इमाम कुर्तुबी (रह., निधन हिजरी ६७१) यांनी आपल्या तफसीरच्या आरंभी स्वतःवर अट घालून घेतली की प्रत्येक मत त्याच्या मूळ वक्त्याच्या आणि प्रत्येक हदीस तिच्या संग्राहकाच्या नावानेच देईन. ज्याचे बोलणे त्याच्या नावे सांगण्यात ज्ञानाची बरकत आहे, हे विद्वानांमध्ये रूढ असलेले वचन त्यांनी त्यासाठी आधाराला घेतले. इमाम सुयूती (रह., निधन हिजरी ९११) यांनी तर ग्रंथकार आणि ग्रंथचोर यांच्यातील फरक सांगणारी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

येथे कोणी म्हणेल, खऱ्या विद्वानाला नावाची हाव कशाला? इमाम शाफई (रह.) यांनी तर अशी इच्छा व्यक्त केली होती की लोकांनी हे ज्ञान शिकावे, पण त्यातले काहीही माझ्या नावे सांगितले जाऊ नये. हे खरेच आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, आपले नाव सोडून देण्याचा अधिकार देणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा नव्हे. दुसरी, इमाम शाफईंची ही इच्छा आपल्याला कळली ती त्यांच्या शिष्यांनी ती त्यांच्याच नावाने सांगितली म्हणून!

दोन वेगळ्या चुका

वाङ्मयचौर्य आणि कॉपीराइटचा भंग या दोन गोष्टी बोलताना एकच समजल्या जातात. त्या वेगळ्या आहेत आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय आपले आचरण सुधारणार नाही.

वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे शब्द, कल्पना किंवा संशोधन स्वतःचे म्हणून मांडणे. ही सत्याशी केलेली प्रतारणा आहे. कॉपीराइटचा भंग म्हणजे ज्या कृतीवर कायद्याने दुसऱ्याचा हक्क आहे, ती त्याच्या परवानगीशिवाय छापणे, वाटणे, अनुवादित करणे किंवा प्रसारित करणे. ही मालमत्तेच्या हक्काची पायमल्ली आहे.

उदाहरण घेऊ. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणून १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' छापायला कोणाच्याही परवानगीची गरज उरली नाही. पण त्यातले एक पान कोणी आपल्या नावावर खपवले, तर कायद्याचा हा हक्क संपला असला तरी वाङ्मयचौर्य झालेच. याउलट, एखाद्याने आज हयात असलेल्या लेखकाचे संपूर्ण पुस्तक, मुखपृष्ठावरील नावासह, हजार लोकांना पाठवले तर ते वाङ्मयचौर्य नाही, पण कॉपीराइटचा भंग मात्र आहे. 'मी लेखकाचे नाव दिले आहे', 'श्रेय मूळ लेखकाला' असे लिहिल्याने पहिली चूक टळते, दुसरी टळत नाही. हे वाक्य प्रत्येक घरात लक्षात ठेवले जावे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. २१ जानेवारी १९५८ पासून तो अंमलात आला आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. सामान्य कुटुंबाने त्यातील काही बाबी जाणून घेणे पुरेसे आहे.

पहिली बाब : हक्क मिळण्यासाठी नोंदणीची गरज नाही. कृती निर्माण होताच तो हक्क मिळतो. म्हणून एखाद्या लेखाखाली किंवा छायाचित्राखाली हक्कसूचना नसली तरी ते बेवारस ठरत नाही. दुसरी बाब : कायदा वस्तुस्थितीवर किंवा नुसत्या कल्पनेवर मालकी देत नाही, तर ती मांडण्याच्या पद्धतीवर देतो. बद्रची लढाई हिजरी सन २ मध्ये झाली ही वस्तुस्थिती सर्वांची आहे. त्या लढाईचे एखाद्या लेखकाने केलेले वर्णन त्याचे आहे. तिसरी बाब : अनुवाद करण्याचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. चौथी बाब : कलम ५७ नुसार लेखकाने आपले हक्क प्रकाशकाला विकले तरी ती कृती आपली आहे असे सांगण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो. पाचवी बाब : जाणूनबुजून भंग करणाऱ्यास कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो, व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

कायदा केवळ बंधने घालत नाही, मोकळीकही देतो. कलम ५२ मध्ये न्याय्य वापराची तरतूद आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी व संशोधनासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वृत्तासाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करता येतो. शिक्षकाला व विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघातही सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाजवळील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध काही मोठ्या प्रकाशकांनी दावा दाखल केला होता. तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी केलेल्या उताऱ्यांच्या प्रतींना या सवलतीचा आधार असल्याचे मानले. गरीब विद्यार्थ्याच्या ज्ञानाची वाट अडवली जाऊ नये, ही भूमिका त्यामागे आहे. मात्र अभ्यासासाठी काही पाने घेणे वेगळे आणि संपूर्ण पुस्तक फुकट वाटणे वेगळे.

शरीअतची भूमिका

प्राचीन काळी छापखाने नव्हते; त्यामुळे लेखनाचा आर्थिक हक्क हा प्रश्न जुन्या फिक्हग्रंथांत आजच्या स्वरूपात आढळत नाही. भारतीय उपखंडातील काही थोर हनफी उलमांनी, ज्या हक्काला मूर्त वस्तूचे रूप नाही त्याची विक्री कशी होईल, असा आक्षेप घेतला होता. हा मतभेद प्रामाणिक आहे आणि त्याचा आदर राखला पाहिजे. कालांतराने परिस्थिती बदलली, लेखनाला स्पष्ट आर्थिक मूल्य आले. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे झालेल्या पाचव्या अधिवेशनात ठराव क्रमांक ४३ द्वारे निर्णय दिला की लेखन, संशोधन, व्यापारचिन्ह यांवरील हक्क हे त्यांच्या धारकांचे शरीअतमान्य हक्क आहेत आणि त्यांचे उल्लंघन करणे वैध नाही. मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांच्यासारख्या उपखंडातील हनफी विद्वानांनीही या हक्काला मान्यता दिली.

या निर्णयाला जे आधार दिले जातात ते परिचित आहेत. एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाऊ नका. परस्परसंमतीचा व्यवहार करा (सूरह अन्-निसा, २९). करारांचे पालन करा (सूरह अल्-माइदा, १). ज्या गोष्टीपर्यंत एखादा आधी पोहोचला तिच्यावर त्याचा हक्क आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. आणि मुस्लिम आपल्या अटींना बांधील असतात, हेही प्रेषितवचन आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). एखादे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ वापरताना आपण 'मान्य आहे' हे बटण दाबतो, तेव्हा आपण एक अट स्वीकारत असतो. ती न वाचता स्वीकारली, ही सबब अल्लाहसमोर कितपत चालेल याचा विचार आपणच करावा.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. आर्थिक हक्काबाबत ज्यांनी वेगळे मत मांडले, त्यांच्या आक्षेपाचा रोख हक्काच्या विक्रीवर होता. दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपवणे हे असत्य आहे, आणि असत्याला त्या मतभेदात आसरा मिळत नाही.

'दीनचे काम आहे, मग परवानगी कशाला?'

हा युक्तिवाद आपल्यात सर्रास ऐकू येतो. कुरआन आणि हदीस कोणाच्या मालकीचे नाहीत, हे निर्विवाद आहे. एक आयत का असेना, माझ्याकडून पोहोचवा, ही तर प्रेषितांची (स.) आज्ञाच आहे (बुखारी). परंतु कुरआनचा मराठी अनुवाद करणाऱ्याने वर्षानुवर्षे घालवलेली असतात, प्रकाशकाने कागदाचे आणि छपाईचे पैसे भरलेले असतात. आयत सर्वांची आहे. तिच्या त्या विशिष्ट अनुवादातील शब्दरचना अनुवादकाची आहे. त्यातील एक-दोन आयतींचा अनुवाद नावासह उद्‌धृत करणे आणि संपूर्ण अनुवाद उचलून नवे पुस्तक काढणे यांत फरक आहे.

आपल्या मराठी मुस्लिम समाजात उर्दूतून मराठीत अनुवाद करण्याची चांगली परंपरा आहे. त्यामुळे एक सूक्ष्म चूकही आपल्याकडे सहज घडते. उर्दू लेख मराठीत आणला, भाषा आपली झाली, म्हणून लेखही आपलाच झाला असे वाटू लागते. तसे नसते. विचार, मांडणी, दाखले मूळ लेखकाचेच असतात. अनुवादकाचे श्रम खरे आहेत आणि त्याचे नावही यायला हवे. पण 'मूळ लेखक अमुक, अनुवाद अमुक' या क्रमाने, आणि लेखक किंवा त्याचे वारस हयात असतील तर त्यांच्या अनुमतीने. बहुतेक वेळा एका पत्राने किंवा संदेशाने ही अनुमती मिळते. दीनचे लेखन करणारा माणूस सहसा नाही म्हणत नाही. त्याला फक्त विचारले जावे एवढीच अपेक्षा असते.

अल्लाह पवित्र आहे आणि तो पवित्र तेच स्वीकारतो, असे हदीस सांगते (मुस्लिम). नेक हेतूसाठी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली, तर हेतू नेक राहील, पण वस्तू पवित्र होणार नाही.

योग्य रीत : एक उदाहरण

निबंध किंवा शाळेचा प्रकल्प लिहिताना काय करावे, हे उदाहरणाने पाहू. समजा, पावसाच्या प्रकल्पासाठी एका संकेतस्थळावर पुढील वाक्य मिळाले : 'समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पाडतात.'

एका विद्यार्थ्याने ते तसेच उतरवले. ही उघड नक्कल झाली. दुसऱ्याने लिहिले : 'सागरावरून येणारे वाफेने भरलेले वारे सह्याद्रीला थांबून वरती जातात, गार होतात आणि घाटमाथ्यावर जोरदार पाऊस पाडतात.' शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तोच राहिला. पुष्कळ पालकांना आणि काही शिक्षकांनाही ही रीत योग्य वाटते. तीही नक्कलच आहे. तिसऱ्याने मजकूर दोनदा वाचला, मोबाइल बाजूला ठेवला आणि लिहिले : 'घाटावर खूप पाऊस आणि पलीकडच्या पठारावर कमी, असे का होते? याचे कारण सह्याद्री आहे. ढग डोंगराच्या पश्चिमेलाच बरेचसे रिकामे होतात. आम्ही साताऱ्याहून महाबळेश्वरला गेलो तेव्हा हा फरक मला दिसला.' आणि खाली माहिती जेथून घेतली त्या संकेतस्थळाचे नाव, लेखाचे शीर्षक व पाहिल्याची तारीख लिहिली. हे लेखन त्याचे आहे, कारण समज त्याची आहे.

मूळ शब्दच महत्त्वाचे असतील तर ते अवतरणचिन्हांत द्यावेत आणि लगेच नाव सांगावे. टिपणे काढतानाच प्रत्येक टिपणापुढे स्रोत लिहावा. नंतर आठवेल असे म्हणून पुढे ढकलल्याने अनेक प्रामाणिक माणसेही फसली आहेत. उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी तर हा भवितव्याचा प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी येते आणि त्याहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य रीतीने नावासह दिलेली अवतरणे या साम्यात धरली जात नाहीत.

चित्र, ध्वनी आणि चित्रफितींनाही हेच लागू आहे. शोधयंत्राने दाखवलेले छायाचित्र शोधयंत्राचे नसते, कोणा छायाचित्रकाराचे असते. नात किंवा तिलावतीचे ध्वनिमुद्रण आपल्या चित्रफितीला जोडण्याआधी अनुमती पाहावी. ज्यांना आपले काम खुले करायचे असते ते तसे जाहीर करतात. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने त्यासाठीच आहेत. त्यांतल्या सर्व सहा परवान्यांत कर्त्याचे नाव देणे आवश्यक असते. काहींत व्यापारी वापराला, काहींत बदलाला मनाई असते, तर काहींत आपली नवी कृतीही त्याच अटीवर खुली ठेवावी लागते. विकिपीडियावरील मजकूर अशाच परवान्याखाली आहे. तेव्हा 'विकिपीडिया तर फुकट आहे' हे अर्धसत्य झाले. तो वापरायला मोकळा आहे, पण नाव देण्याच्या आणि त्याच अटीवर पुढे देण्याच्या बोलीने.

आता तर यंत्राकडून संपूर्ण निबंध लिहून घेता येतो. त्यात कोणा एका लेखकाचे नाव दिसत नाही म्हणून तो आपला होत नाही. समजून घेण्यासाठी यंत्राची मदत घेणे आणि तिच्याविषयी शिक्षकांना सांगणे ही एक गोष्ट. न केलेल्या कामाखाली सही करणे ही दुसरी. शिवाय यंत्र कधी कधी अस्तित्वात नसलेले संदर्भही बेधडक देते. अशा ठिकाणाहून हदीस घेणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

चूक झाली असेल तर

तौबाचे दार उघडे आहे. पण माणसांच्या हक्कांबाबत नुसता पश्चात्ताप पुरत नाही. कयामतच्या दिवशीच्या दिवाळखोराची हदीस प्रसिद्ध आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण कोणाची बदनामी केलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. आणि त्याची पुण्ये त्या हक्कदारांत वाटली जातील (मुस्लिम). म्हणून ज्याचे नाव गाळले त्याचे नाव पुढच्या वेळी जाहीरपणे द्यावे, शक्य असेल तर त्याची क्षमा मागावी. नाव कापून लेख पाठवला असेल तर त्याच गटात खुलासा करावा. ज्या पुस्तकाची अनधिकृत प्रत वापरली ते ऐपत असेल तर विकत घ्यावे. ऐपत नसेल तर वाचनालयातून आणावे किंवा प्रकाशकाला आपली अडचण कळवावी.

त्या मुलीची गोष्ट अपुरी राहिली. स्पर्धेत तिला क्रमांक देता आला नाही. मी तिला एवढेच सांगितले की नेटवर वस्तू उघड्यावर ठेवलेली असते, तिचा मालक नाहीसा झालेला नसतो. शेजाऱ्याच्या ओट्यावरचे धान्यही उघड्यावरच वाळत असते. ती गप्प राहिली. पुढच्या वर्षी तिचा निबंध पुन्हा आला. तो आधीच्यापेक्षा लहान होता आणि भाषाही साधी होती. तिच्या आजीने कंदिलाच्या उजेडात कुरआन कसे शिकले, हे त्यात होते. आणि शेवटी एक ओळ होती : 'ही हकीकत मला माझ्या दादीने सांगितली.' नववीच्या त्या मुलीला दहावीत सनदीचा अर्थ उमगला होता.

अल्लाह आपल्याला खऱ्या ज्ञानाची ओढ देवो, ज्याचे त्याला देण्याची सद्‌बुद्धी देवो आणि न केलेल्या कामाच्या स्तुतीपासून आपले रक्षण करो. आमीन.

घरातील चर्चेसाठी प्रश्न

१. लेखकाचे नाव दिल्यानंतरही कोणती चूक शिल्लक राहू शकते?

२. गेल्या आठवड्यात आपण पुढे पाठवलेल्या संदेशांपैकी किती संदेशांचा मूळ लेखक आपल्याला ठाऊक आहे?

३. सनदीच्या परंपरेतून आजच्या विद्यार्थ्याने कोणता नियम घ्यावा?

४. उर्दू लेखाचा मराठी अनुवाद प्रसिद्ध करायचा असेल, तर आपण कोणकोणती पावले उचलाल?